अवधान, चालकाचे (अंशतः स्वयंचलित वाहनातील)

वेग, पुढील गाडीपासूनचे अंतर व लेनमधील जागा वाहन स्वतः सांभाळत असताना रस्त्यावर टिकणारे (किंवा न टिकणारे) चालकाचे लक्ष. मोबाइल पाहणे, संदेश लिहिणे यांसारखी जोडकामे याच विषयात येतात. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या स्वयंचलनाच्या ० ते ५ या श्रेणींपैकी श्रेणी २ मध्ये हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. तेथे सुकाणू व वेग यंत्राकडे असतात, देखरेख मात्र पूर्णपणे चालकाची.

लक्ष का ढळते, याविषयी एकमत नाही. अभ्यासाचा आरंभ सामान्यतः नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ च्या प्रयोगापासून धरतात. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील रडार-निरीक्षकांच्या चुकांत आहे. कोऱ्या तबकडीवर टप्प्याटप्प्याने सरकणारा काटा क्वचित दुप्पट उडी घेई. ती टिपण्याचे प्रमाण पहिल्या अर्ध्या तासातच घसरले. एका मताप्रमाणे काम फारच कमी असल्याने मन भरकटते. वॉर्म, परसुरामन व मॅथ्यूज (२००८) यांच्या मते नुसते पाहत राहणे हेच कष्टाचे असते आणि त्यात मानसिक शक्ती खर्ची पडते. यंग व स्टँटन (२००२) यांनी तिसरी बाजू मांडली : काम घटले की अवधानाची क्षमताच आक्रसते. निरीक्षक ताण व थकव्याची तक्रार करतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मोबाइलकडे जाणारा हात ही बहुधा त्या थकव्यातून शोधलेली वाट असते.

ताबा परत घेण्यास लागणारा वेळ प्रयोगागणिक बदलतो. एरिक्सन व स्टँटन (२०१७) यांना तो सुमारे २ ते २६ सेकंद आढळला, तर मेराट व सहकाऱ्यांच्या (२०१४) सिम्युलेटर-प्रयोगात सुकाणू स्थिर होण्यास सुमारे ४० सेकंद लागले. ताशी १०० किमी. वेगाने तेवढ्यात गाडी १,१०० मी. पुढे जाते.

स्टिअरिंगवरचा जोर मोजून हात ओळखणारी यंत्रणा त्यावर अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीनेही फसते. डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा अधिक विश्वसनीय. पण नजर रस्त्यावर असून मन दुसरीकडे असेल, तर त्यालाही ते सहसा कळत नाही.

इंदूरजवळ पीथमपूर येथील नॅट्रॅक्स या चाचणी-केंद्रात ११.३ किमी.ची अतिवेग धावपट्टी आहे (२०२१). बंदिस्त पट्टीवर गाडीची परीक्षा होते. चालकाची होते ती मुंबई-आग्रा रस्त्यावर. इंदूरची मराठी कुटुंबे धुळे-नाशिककडे याच वाटेने जातात. घाटात लेनचे पट्टे पुसट झाले की यंत्रणा सुकाणू सोडते. बऱ्याच गाड्यांत त्याची खूण म्हणजे डॅशबोर्डवरचे हिरवे चिन्ह विझणे आणि एक बारीक टिंग, जी मागच्या सीटवरच्या गप्पांत सहज हरवते. पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असू शकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातील मोबाइलचा वापर धोकादायक वाहनचालनात धरला गेला. नियमांत सूट आहे ती मोबाइलच्या नकाशावर मार्ग पाहण्यापुरती, तीही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा बेताने. गाडी कोणत्या श्रेणीची, असा भेद त्यात केलेला नाही.