फ्लिपरची हवा आणि कपाटावरचा डीव्हीआर

कोल्हापुरातल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या फ्लिपर झिरोच्या रील्स फिरतायत, पांढरं-नारिंगी खेळण्यासारखं यंत्र, स्क्रीनवर डॉल्फिन, बटण दाबलं की गाडी उघडली वगैरे. २०२० ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाईटवर याला ४८ लाख डॉलर जमले, २०२४ ला कॅनडानं गाडीचोरीचं कारण देऊन बंदीची भाषा केली, मग काय, हवा आणखी वाढली. आत तसं नवं काहीच नाही. टीव्ही रिमोटचं इन्फ्रारेड, हजेरीचं कार्ड वाचायची सोय, एनएफसी (कार्ड टेकवून पैसे देतात ते तंत्र) आणि गेटच्या रिमोटची रेडिओ फ्रिक्वेन्सी, सगळं एका डबीत कोंबलंय एवढंच. नव्या गाडीची चावी दरवेळी वेगळा कोड पाठवते म्हणून नुसता सिग्नल कॉपी करून ती उघडत नाही, पण कायम तोच कोड पाठवणारं जुनं रिमोटचं शटर असलं तर खुशाल उघडतंय.

यंत्रांना चकवून बघायच्या या नादाची मुळं पार १९६०-७० च्या अमेरिकेत जातात. कॅप्टन क्रंच नावाच्या, कॉर्नफ्लेक्ससारख्या नाश्त्याच्या खोक्यात पोरांसाठी प्लॅस्टिकची शिट्टी यायची, तिच्यातनं २६०० हर्ट्झचा सूर काढता यायचा आणि नेमका तोच सूर ऐकला की एटी अँड टी या फोन कंपनीच्या लांबच्या लाईनला वाटायचं कॉल संपला. बोलणं आणि कंट्रोलचे सिग्नल एकाच लाईनीतनं जात होते ना, मग फुकटात फोन! असले सूर काढणारे ब्लू बॉक्स नावाचे डबेही होते, आणि अ‍ॅपल काढणाऱ्या वॉझ्नियाक-जॉब्झ जोडगोळीनं अ‍ॅपलच्या आधी तेच बनवून विकले.

घरातल्या नेटवर्कची गोष्ट सुरू होते लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरपासनं. २००२ च्या शेवटी आलेला निळा-काळा डबा, मागं दोन अँटेना, १६ एमबी रॅम. आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे हे हौशी लोकांनी हुडकलं, लिनक्सचं लायसन्स सांगतं की सोर्स कोड द्यायला पाहिजे, म्हणून २००३ ला कंपनीला तो द्यावा लागला, आणि २००४ ला ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरमध्ये टाकायचं फुकट सॉफ्टवेअर सुरू झालं. साध्या राउटरमध्ये महागड्या मशिनीची कामं व्हायला लागली. माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा हाच, फ्लिपर त्याच्यापुढं काहीच नाही. आता ज्या रास्पबेरी पाय या हाताएवढ्या कॉम्प्युटरवर लोक पाय-होल नावाचं सॉफ्टवेअर टाकून घरभरच्या जाहिराती अडवतात ती हौस तिथलीच.

पण खरा दणका दिला तो असल्या भारी गॅजेटनी नव्हे, तर कुणी बघतसुद्धा नाही अशा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि कॅमेऱ्यांनी. २०१६ ला मिराय नावाचा व्हायरस आला, त्याच्याकडं बनवणाऱ्या कंपन्यांनीच घालून दिलेल्या साठेक पासवर्डची यादी, ती टेलनेटवर (लांबनं यंत्रात शिरायची जुनी वाट) लावून बघायची, घुसायचं, बस. २१ ऑक्टोबरला असल्या कब्जात घेतलेल्या डब्यांनी डाइन (Dyn) या वेबसाईटच्या नावावरनं पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडलं. यादीतला एक पासवर्ड तर डीव्हीआरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच कोरलेला, मालकानं स्क्रीनवरनं पासवर्ड बदलला तरी आतला तसाच. आता यात मालकाची काय चूक?

आपल्याकडं जुलै २०१७ ला झलक मिळाली, बीएसएनएलचे हजारो मॉडेम असल्याच मालवेअरनं बंद पाडले, युजरनेम अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. कोल्हापुरात गुजरीत, लक्ष्मीपुरीत, महाद्वार रोडला आता दुकानागणिक कॅमेरे दिसतात. बसवणारा येतो, मालकाला मोबाईलवर दुकान दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरनं आत यायची वाट) उघडून देतो, पासवर्ड १२३४५६ नाहीतर मालकाचा मोबाईल नंबर, बिल घेऊन गेला. ते पोर्ट सगळ्या जगाला उघडं असतं हे मालकाला कोण सांगणार?

केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ ला सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे नियम काढले, एप्रिल २०२५ पासनं लॅबमध्ये तपासणी झाल्याशिवाय नवा माल विकता येत नाही. जुना डीव्हीआर असेल तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (म्हणजे हीच उघडी वाट) आणि यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करून घ्या, बसवणारा कुरकुरला तरी.