लेक्सी थॉम्पसन आणि ते चार स्ट्रोक : मागची गोष्ट

अमेरिकन गोल्फर लेक्सी थॉम्पसनचं नाव निघालं की लोक लगेच 2017 चा तो रविवार (मोठ्या स्पर्धेत आघाडीवर असताना तिला दंडाचे चार स्ट्रोक लागले तो) काढतात आणि बहुतेक वेळा अर्धवटच सांगतात, म्हणजे "इंचभर बॉल सरकला म्हणून चार स्ट्रोक लावले" एवढंच. ते चार आले कुठून, त्यातले किती आजही लागू शकतात आणि किती नाही, हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गोल्फ कसा खेळतात हे माहितीये असं धरून चालतो.

सुरुवातीचं पटकन उरकतो. फ्लोरिडाची पोरगी, दोन मोठे भाऊ, दोघंही प्रो. 2007 ला बाराव्या वर्षी यूएस विमेन्स ओपनला क्वालिफाय झाली, तेव्हा तो वयाचा रेकॉर्ड होता (2014 ला अकरा वर्षांच्या एका मुलीने मोडला). 2010 ला पंधराव्या वर्षी प्रो झाली खरी, पण एलपीजीए टूरची (बायकांच्या मुख्य प्रो स्पर्धांची मालिका) मेंबरशिप अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नव्हती, त्यामुळे स्पॉन्सरच्या मोजक्या निमंत्रणांवर खेळायचं आणि बाकी वाट बघत बसायचं. सप्टेंबर 2011 ला अलाबामात नॅविस्टार क्लासिक पाच स्ट्रोकनी जिंकली, वय सोळा, कॅडी म्हणून बॅग वडिलांच्या खांद्यावर. तेव्हा ती टूरच्या इतिहासातली सगळ्यात लहान विजेती, आणि मग वयाची अट बाजूला ठेवून तिला घेणं टूरला भागच पडलं. वर्षभरात एका पंधरा वर्षांच्या मुलीने तोही रेकॉर्ड मोडला, ते जाऊ दे.

2014 ला एकोणिसाव्या वर्षी पहिली मेजर (वर्षातल्या मोजक्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक), कॅलिफोर्नियात मिशन हिल्सला, तीन स्ट्रोकनी, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे अठराव्या ग्रीनच्या तळ्यात उडी. हा कोर्स लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिथेच घडतं, फक्त स्पर्धेचं नाव बदलून एएनए इन्स्पिरेशन झालेलं.

आता मुख्य भाग. घरी बसून टीव्ही बघणाऱ्याने नियमभंग कळवायचा आणि कमिटीने तो ऐकून घ्यायचा, हा प्रकार गोल्फमध्ये खूप जुना आहे. 1987 ला सॅन डिएगोजवळ एका अमेरिकन खेळाडूने झाडाखालून शॉट मारताना पँट खराब होऊ नये म्हणून गुडघ्याखाली टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी ते टीव्हीवर दाखवलं, प्रेक्षकांनी फोन केले, कमिटीने नियम काढला की उभं राहायला जागा "बांधता" येत नाही, आणि तोवर चुकीच्या स्कोअरकार्डवर सही झालेली असल्यामुळे तो थेट बाहेर. (काही वर्षांनी ते झाड तोडायला त्यालाच बोलावलं होतं.) 2011 ला अबू धाबीत एका आयरिश खेळाडूचा मार्कर (बॉलची जागा दाखवणारी छोटी चकती) उचलताना बॉलला बोट लागून तो किंचित हलला, प्रेक्षकाचा ईमेल आला, तोही बाहेर. दोन्ही वेळा बाहेर काढलं ते मूळ चुकीसाठी नाही, चुकीच्या कार्डावर सही केल्यासाठी. म्हणजे जी पेनल्टी आपल्याला लागलीये हे खेळाडूला माहीतच नाही, ती कार्डात लिहिली नाही म्हणून स्पर्धेतून हकालपट्टी.

यावर बरीच बोंबाबोंब झाली. आधी थोडी सूट दिली आणि मग जानेवारी 2016 पासून नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी मधला मार्ग काढला: खेळाडूला खरंच माहीत नसेल तर बाहेर काढायचं नाही, मूळ पेनल्टी लावायची आणि वर अजून दोन स्ट्रोक. म्हणजे हे जादाचे दोन स्ट्रोक मुळात सवलत म्हणून आले होते, शिक्षा वाढवायला नाही. लेक्सीला लागले ते हेच. 2015 साली हेच घडलं असतं तर ती बाहेरच गेली असती.

तर शनिवार, 1 एप्रिल 2017, तिसरा राउंड, सतरावं होल. पट (ग्रीनवरून होलकडे हळूच मारायचा शॉट) उरला होता जेमतेम एक-दीड फुटाचा, झोपेतही जाईल असा. तिने बॉलच्या बाजूला मार्कर ठेवला, बॉल उचलला, आणि परत ठेवताना तो बाजूला न ठेवता मार्करच्या बरोबर पुढे ठेवला. फरक साधारण इंचाचा. पट टाकला, अठरावं होल खेळली, कार्डावर सही केली, 67. कोणाच्याच लक्षात आलं नाही, ना तिच्या, ना बरोबर खेळणाऱ्या मुलीच्या, ना ऑफिशियल्सच्या.

रविवारी ती आघाडीवर असताना एका प्रेक्षकाचा ईमेल आला. कमिटीने व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि बारावं होल संपवून तेराव्याच्या टीकडे जाताना तिला गाठून सांगितलं: चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन, चुकीच्या कार्डावर सहीचे दोन, कालचे 67 आता 71. ही चेष्टा चाललीये का, असं तिने विचारलं. मग रडत रडत खेळली, तेराव्यावर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक स्ट्रोक कमी) केली, अठराव्यावर पुन्हा बर्डी करून प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावर खेळायचे जादा होल) पोचली आणि पहिल्याच होलला कोरियन खेळाडूकडून हरली. त्या मुलीने काहीच चुकीचं केलं नव्हतं, आणि लोक अजूनही तिची मेजर सांगताना "पण" लावतात, तेही बरोबर नाही.

क्रिकेटमध्ये कालच्या डावातला नो-बॉल घरच्या सोफ्यावरून कुणीतरी आज थर्ड अंपायरला ईमेलने कळवावा, असं झालं हे. पण माझा मुद्दा वेगळाय. इंच तोच, चूक तीच, पण शिक्षा ठरली घड्याळावर. ईमेल शनिवारी सही करायच्या आधी आला असता तर दोनच स्ट्रोक. रविवारी आला म्हणून चार. आणि स्पर्धा संपल्यानंतर सोमवारी आला असता तर तिला माहीत नसल्यामुळे शून्य! जो नियम कुणी ईमेल कधी उघडतं यावर फिरतो त्याला मी तरी न्याय म्हणणार नाही. वर कॅमेरा कायम आघाडीवरच्यांच्या मागे असतो, चाळिसाव्या नंबरवरच्या खेळाडूने इंच काय अर्धा फूट सरकवला तरी घरून कोण बघणार? सगळ्यांना सारखा नियम म्हणतात तो तिथेच असमान होतो. दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही: बॉल जिथून उचलला तिथेच ठेवायचा ही प्रोसाठी अवघड गोष्ट नाही, आणि फायदा झाला की नाही हा प्रश्न त्या नियमात येतच नाही. पहिल्या दोन स्ट्रोकबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

पुढे काय झालं तर तीनच आठवड्यांत, एप्रिल 2017 मध्येच, नवीन निर्णय आला: उघड्या डोळ्यांना दिसूच शकत नाही असं काही फक्त व्हिडिओत दिसत असेल तर पेनल्टी नाही, आणि जागेचा अंदाज घेताना खेळाडूने वाजवी काळजी घेतली असेल तर नंतर व्हिडिओवरून खोट काढायची नाही. यामागे 2016 च्या यूएस विमेन्स ओपनचा प्लेऑफ पण होता, जिथे एका स्वीडिश खेळाडूचा क्लब बंकरमध्ये वाळूच्या काही कणांना लागला आणि ते झूम केल्यावरच दिसलं. लोक यालाच लेक्सी रूल म्हणायला लागले. पण तिच्या केसशी खरा संबंध आहे तो डिसेंबर 2017 ला जाहीर होऊन 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या बदलाचा: प्रेक्षकांचे फोन-ईमेल बंद, मोठ्या टूरवर एक ऑफिशियल स्वतः प्रक्षेपण बघत बसणार, आणि माहीत नसलेल्या पेनल्टीसाठी सहीचे जादा दोन स्ट्रोक रद्द. चुकीच्या जागेचे दोन मात्र आजही आहेत. तीच गोष्ट आज त्या ऑफिशियलने टिपली तर दोन लागतात.

तिच्या करिअरवर याचा परिणाम किती हे वादाचं आहे, पण 2017 ला ती कोसळली वगैरे जे लिहितात ते साफ चूक. त्याच वर्षी तिने स्पर्धा जिंकल्या, सोल्हाइम कपच्या (अमेरिका विरुद्ध युरोप, बायकांचा) सिंगल्समध्ये पहिल्या नऊ होलनंतर चारने मागे असताना मॅच बरोबरीत आणली, राउंडमागे सर्वात कमी स्ट्रोकच्या सरासरीची ट्रॉफी घेतली आणि सीझनचा दहा लाख डॉलरचा बोनसही. सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर दोन फुटाचा पट हुकला आणि जेतेपद गेलं, तिथे ईमेल वगैरे काही नव्हतं. 2018 ला मध्येच ब्रेक घेतला, ब्रिटिश ओपन सोडली, मन थकलंय असं उघड सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये तीच सीझनची शेवटची स्पर्धा भावाला कॅडी घेऊन जिंकली.

खरी जखम मला विचाराल तर 2021 ची. सॅन फ्रान्सिस्कोत यूएस विमेन्स ओपन, शेवटच्या दिवशी पाच स्ट्रोकची आघाडी, आणि बॅक नाईनला (शेवटच्या नऊ होलला) 41 स्ट्रोक. प्लेऑफ एका स्ट्रोकने हुकला. 2022 च्या विमेन्स पीजीएतही आघाडी हातातून निसटली, तेही एकाच स्ट्रोकने. 2023 ला लास वेगासला पुरुषांच्या टूरवर खेळली, असं करणारी सातवी बाई, दुसऱ्या दिवशी 69 मारूनही कट (पुढच्या राउंडला जायची मर्यादा) हुकला. मे 2024 मध्ये, एकोणतीसाव्या वर्षी, फुल टाइम खेळ थांबवत असल्याचं जाहीर केलं. टूरवर 11 विजय, त्यातला शेवटचा 2019 चा. मेजर एकच, 2014 ची, आणि 2025 मध्येही ती अधूनमधून खेळताना दिसलीच.