भाकरीचा काला कधी सुरू झाला?

निफाडजवळच्या गावात राहणारी माझी आत्या बाजरीच्या कडक भाकरीवर ठेचा घेऊन जेवणारी. हाताने कांदा फोडायचा आणि कराकरा खायचा. गेली दोन वर्षं मात्र ती भाकरी दुधात कुस्करून खाताना दिसायची. विचारलं तर म्हणायची, "वय झालं गं, आता कालाच बरा."

नाशिकला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, डाव्या बाजूच्या दोन दाढा मुळापर्यंत किडल्या होत्या आणि उजवीकडच्या हलत होत्या. बोलता बोलता आणखीही काही बाहेर आलं. डाव्या कुशीवर झोपणं तिने केव्हाच सोडलं होतं. लग्नाच्या पंगतीत "भूक नाही" म्हणायची, कारण सगळ्यांची पानं संपली तरी तिचं अर्धंही संपत नसे. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नव्हतं.

दाताच्या दुखण्याने माणसाच्या जगण्यातलं काय काय जातं, हे मोजण्यासाठी गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर या संशोधकांनी १९९४ साली ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली. स्लेड यांनी १९९७ मध्ये ती १४ प्रश्नांवर आणली आणि आज ती जगभर वापरली जाते. बोलताना शब्द अडखळतात का, चव कमी झाली का, जेवण अर्ध्यावर सोडावं लागतं का, दातांमुळे लाजल्यासारखं होतं का, चिडचिड होते का, रोजची कामं अडतात का, असे साधे प्रश्न. 'कधीच नाही'ला ०, 'खूप वेळा'ला ४. बेरीज ५६च्या जितकी जवळ, तितकं जगणं अवघड.

दाढेचा ठणका रात्रीच का वाढतो, याचं कारण दाताच्या रचनेत आहे. दाताच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो आणि त्याभोवती चहूबाजूंनी टणक भिंत. बोटाला जखम झाली तर ते सुजून फुगतं. दाताच्या गराला फुगायला जागाच नाही. कीड तिथवर पोहोचली की सुजेचा सगळा दाब नसांवर येतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, त्यात भोवताली शांतता, मन गुंतवायला काही नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नसा काही वेळ बधिर करतं. कीड आत चालूच राहते.

हिरड्यांचा आजार तर सहसा दुखतही नाही, म्हणून तो जास्त फसवतो. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, मग दात हलू लागतात. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं कठीण जातं. आमच्याकडच्या कितीतरी बायका हिरड्या घट्ट होतात म्हणून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्यांचं आणि तोंडाचं नुकसानच होतं.

नाशिकच्या तरुण पोरांसाठी एक खूण मुद्दाम सांगते. रोजची मिसळ अचानक सोसेनाशी झाली, साध्या तर्रीने तोंडाची आग होऊ लागली आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर थांबू नका. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दाखवा. पुढे यातून कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, सुपारी मात्र पानटपरीवर मिळतेच.

त्या प्रश्नावलीची एक अडचण मला आत्यामुळे उमगली. डॉक्टरांनी विचारलं, "जेवताना त्रास होतो का?" ती म्हणाली, "नाही." खरंच होत नव्हता, कारण त्रास देणारं सगळं तिने ताटातून आधीच काढून टाकलं होतं. माणूस दुखण्याशी जुळवून घेतो आणि त्याला म्हातारपण म्हणू लागतो. म्हणून घरातल्या मोठ्यांना "दात दुखतात का" एवढंच विचारू नये. काय खाणं सोडलंत, कधीपासून सोडलंत, हेही विचारावं.

दाढा काढून कवळी बसवल्याला आता चार महिने झाले. कवळीला नैसर्गिक दातांची ताकद येत नाही. कडक भाकरी अजून जमत नाही, पण मऊ भाकरी ती चावून खाते. डाव्या कुशीवर झोपते.