नवी आर्चटॉप गिटार घरी नेताना

आर्चटॉप म्हणजे कमानीसारखी फुगीर तबली (वरची पाटी) असलेली गिटार. तिची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, तबलीला चिकटवलेली नसते. व्हायोलिनप्रमाणे ती तारांच्या दाबावरच उभी असते. साध्या अकूस्टिक गिटारवरून आर्चटॉपकडे वळणाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक अडचणी इथूनच सुरू होतात, म्हणून आधी घोडीबद्दल.

घोडी

तारा बदलताना एक काढा, तिच्या जागी नवी लावा, सुरात आणा, मग दुसरीला हात घाला. सगळ्या एकदम सोडल्या की घोडी घसरते आणि पॉलिशवर ओरखडा उठतो. फ्रेटबोर्ड साफ करायला सगळ्या तारा काढाव्याच लागल्या, तर आधी घोडीच्या पायांभोवती मास्किंग टेपने खूण करा आणि काम झाल्यावर टेप लगेच काढा; लॅकरवर ती दिवसेंदिवस राहू देऊ नका.

घोडी हललीच तर घाबरू नका. तारा नव्या असताना ट्यूनर लावा. पहिली तार बाराव्या फ्रेटवर नुसती स्पर्श करून (हार्मोनिक) वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारा जिथे अडकवतात त्या मागच्या टोकाकडे) न्या, उतरलेला असेल तर मानेकडे. सरकवण्याआधी तारा एखाद्या स्वराने सैल करा, घोडीला खालच्या पायाशी धरा आणि एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. मग सहाव्या तारेसाठी हेच करा. शेवटी घोडी थोडी तिरकी, खर्जाच्या बाजूने टेलपीसकडे कललेली दिसेल. ती तशीच बरोबर आहे, सरळ करू नका.

तारा चढवताना घोडीचा माथा मानेकडे ओढला जातो. दर वेळी बाजूने पाहा आणि झुकला असेल तर दोन्ही हातांनी हळूच उभा करा. पाय आणि तबली यांच्यामध्ये कागद शिरत असेल, तर पाय तबलीच्या बाकाला नीट बसलेला नाही. अशाने आवाज आणि लांब टिकणारा सूर दोन्ही जातात. पाय घासून बसवणे हे दुकानातले काम आहे, ते आमच्यावर सोडा.

तारांची उंची दोन चाक्यांनी बदलते. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण २.३ मिमी आणि पहिली १.८ मिमी उंच ठेवून आम्ही गिटार देतो. पूर्ण ताणात चाकी फिरवू नका, आटे खराब होतात. आधी तारा सैल करा.

कोणती घ्यावी

गिब्सनने १९२२ साली आणलेल्या एल-५ मध्ये तबली अखंड स्प्रूसमधून कोरलेली, मागची पाटी मेपलची आणि तबलीला व्हायोलिनसारखी एफ-छिद्रे होती. आजही कोरीव गिटारचा साचा तोच आहे. गिब्सनच्याच १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये मात्र मेपल प्लायवूड वापरले गेले. प्लायवूड हे स्वस्तातले दुय्यम लाकूड, असा समज आहे, तो आम्हाला पटत नाही. प्लायवूडची तबली कमी थरथरते, त्यामुळे ॲम्प्लिफायरवर जोरात वाजवताना ती कमी घुमते (फीडबॅक कमी देते) आणि हवामानालाही कमी हलते. स्टेजवर ड्रम-बासबरोबर वाजवणार असाल, तर आम्ही आधी प्लायवूडचीच दाखवू. घरी, छोट्या खोलीत, ॲम्प्लिफायरविना वाजवायची असेल तर कोरीव घ्या. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात गिटारवादक फ्रेडी ग्रीन उंच तारांच्या अकूस्टिक आर्चटॉपवर जो ताल धरत, तो आवाज कोरीव तबलीतूनच येतो.

पिकअपचेही, म्हणजे तारांची थरथर ॲम्प्लिफायरला पोचवणाऱ्या चुंबकी भागाचेही, तसेच. तबलीत खाच पाडून बसवलेला हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) स्टेजला सोयीचा. मानेच्या टोकाला किंवा पिकगार्डला टांगलेला तरंगता पिकअप तबलीला हात लावत नाही, म्हणून कोरीव गिटारला तोच शोभतो.

तारा

गिटारवर १२-५२ मापाच्या (पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५२ इंच जाड) फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, तारा आहेत, तिसरी तारही गुंडाळलेली आहे. १० मापाच्या हलक्या तारा लावू नका: दाब कमी पडतो, घोडी खुळखुळते, सूर पातळ होतो. तिसरी तार साधी लावली तर तीही चढी बोलू लागते, कारण घोडीवरची खाच गुंडाळलेल्या तारेच्या मापाने कापलेली आहे. ब्राँझच्या तारा चुंबकी पिकअपला नीट पोचत नाहीत. निकेल किंवा स्टीलच्याच घ्या. तारांचे माप बदललेत की ब्रिजची जागा पुन्हा तपासा.

घुमणे

ॲम्प्लिफायरचा आवाज तबलीला हलवतो, तबली तारांना, तारा पिकअपला, आणि हे चक्र वाढत जाऊन एकच सूर घुमत राहतो. ॲम्प्लिफायरकडे तोंड करून उभे राहू नका. बाजूला, दोन मीटर तरी लांब बसा. ॲम्प्लिफायर जमिनीवर नको, खुर्चीवर ठेवा. बेस कमी करा. तरीही घुमली तर सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वाजवत जा: ज्या सुरावर गिटारचे अंग थरथरते, तो सूर इक्वलायझरवर थोडा दाबा (पाचव्या फ्रेटचा सूर ११० हर्ट्झ, हा अंदाजाला). शेवटचा उपाय म्हणजे एफ-छिद्रांत फोमचे तुकडे. त्याने घुमणे थांबते, पण ॲम्प्लिफायरविना येणारा आवाजही मरतो.

स्वच्छ आवाजाचा ॲम्प्लिफायर, मानेजवळचा पिकअप, टोनचा खुंटा निम्म्याच्या आसपास, इथून सुरुवात करा. सगळा टोन बंद केला की स्वर एकमेकांत चिकटतात. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवत, त्यांची ऊब त्या अंगठ्यात होती, खुंट्यात नाही.

पाऊस आणि उन्हाळा

कोरीव तबलीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवा ८० टक्क्यांच्या वर असते: तबली फुगते, तारा वर जातात. अशा वेळी मान ट्रस रॉडने (मानेतल्या लोखंडी सळईने) पिळू नका, चूक मानेत नसते. केसमध्ये आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जेल दमट झाले की वाळवा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उलटे: लाकूड आकसते, फ्रेटची टोके हाताला टोचतात, तारा खरखरतात. तेव्हा साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत पिळलेला ओला स्पंज ठेवून डबी केसमध्ये, गिटारला न टेकता, ठेवा.

एसीच्या झोताखाली किंवा उन्हात तापलेल्या गाडीत गिटार ठेवू नका. नायट्रो लॅकर असेल तर स्टँडच्या रबरावर सुती कापड गुंडाळा, नाहीतर रबराचा डाग लॅकरमध्येच उतरतो.

कुठून तरी खुळखुळ येते

बहुतेक वेळा गिटार फुटलेली नसते. पिकगार्डचा स्क्रू, चाकी, तार पिळायच्या खुंटीची नट, टेलपीसचे बिजागर, या क्रमाने बोट टेकवून पाहा. घोडी आणि टेलपीसमधल्या तारांचे तुकडे कधीकधी आपोआप किणकिणतात. त्यांच्यात फेल्टची पट्टी गुंफा.

घोडी जुळवून देण्याचे पहिल्या वर्षात आम्ही पैसे घेत नाही. गिटार सप्टेंबरअखेर एकदा आणि मेच्या सुरुवातीला एकदा आणा. येताना ज्या तारा वाजवता त्याच लावून आणा, नव्या कोऱ्या नकोत.