पीए स्कूलची प्रवेशपूर्व तयारी

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या बरोबरीने पेशंट तपासणारा आणि उपचार करणारा पीए, व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी लागते आणि मग साधारण सव्वादोन वर्षांचा मास्टर्स. या मास्टर्सला अर्ज करण्याआधी काही वर्षं दोन आघाड्यांवर जी तयारी चालते, एक सायन्सच्या विषयांची आणि दुसरी प्रत्यक्ष पेशंटजवळ काम करण्याची, तिच्याबद्दल ही नोंद आहे.

अर्जदाराकडून पेशंटजवळच्या कामाचे तास मागायची पद्धत नेमकी कुठून आली यावर मतं वेगवेगळी आहेत. साधारणपणे श्रेय जातं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. यूजीन स्टेड यांना. त्यांनी १९६५ साली नौदलातून आलेल्या चार कॉर्प्समनना, म्हणजे तिथल्या वैद्यकीय सहाय्यकांना, घेऊन पहिला पीए अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला पास होऊन बाहेर पडले. पण त्याच्या आधी, १९६१ मध्येच, डॉ. चार्ल्स हडसन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली असा नवा सहाय्यक वर्ग तयार करावा अशी कल्पना मांडली होती. आणि त्याच्याही आधी नॉर्थ कॅरोलायनातल्याच गार्लंड गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात हेन्री ली ट्रेडवेल हे गृहस्थ, मेडिकलची कुठलीही पदवी नसताना, डॉक्टरांनी शिकवलं तसं शिकत बरंचसं काम सांभाळत होते, हे बहुधा १९४० च्या दशकापासूनचं. काही अभ्यासक तर थेट रशियातल्या फेल्डशरपर्यंत, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण उपचार करणाऱ्या वैद्यकीय सहाय्यकांपर्यंत, मागे जातात. ते जरा ओढूनताणून वाटतं, ट्रेडवेल यांचं उदाहरण जास्त जवळचं आहे कारण ड्यूकच्या मंडळींना ते माहीत होतं.

यात एक बाजू नेहमी थोडक्यात उरकली जाते, खरं तर ती महत्त्वाची आहे. स्टेड यांनी सुरुवात नर्सेसपासून केली होती. ड्यूकमधल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर त्यांनी नर्सेससाठी पुढचा क्लिनिकल अभ्यासक्रम आखला, पण नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही, आणि मग ते कॉर्प्समनकडे वळले. ही माणसं जखमा शिवून, इंजेक्शनं देऊन, बोटीवर एकट्याने आजारी माणूस सांभाळून आलेली होती, म्हणजे पेशंटला हात लावायची सवय शिकवायची गरजच नव्हती. १९६९ मध्ये सिॲटलला डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी सुरू केलेला मेडेक्स कार्यक्रमही अशाच अनुभवी लष्करी मेडिकसाठी होता. उलट वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसन-ब्रॉडस कॉलेजने १९६८ मध्ये डॉ. ह्यू मायर्स यांच्या पुढाकाराने चार वर्षांचा पदवी कोर्स काढला, तो शाळा संपवून आलेल्या मुलांसाठी होता, तिथे असा लष्करी अनुभव गृहीत धरलेला नव्हता. त्यामुळे तासांची अट ड्यूक-मेडेक्स परंपरेतली आणि सायन्सवरचा भर कॉलेजच्या परंपरेतला, आणि आजची प्रवेशपद्धत या दोन्हींची बेरीज, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

विषयांचं म्हणाल तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, त्यापुढे ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी हे बहुतेक ठिकाणी लागतातच, जेनेटिक्स आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी काही ठिकाणी. बऱ्याच प्रोग्रॅमना हे कोर्स गेल्या पाच ते दहा वर्षांतलेच चालतात, ऑनलाइन लॅब कुणाला चालते कुणाला नाही. जीआरई, म्हणजे मास्टर्सच्या प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा, सगळीकडे लागत नाही.

अर्ज कॅस्पा या सामाईक पोर्टलवरून होतो, ते २००१ पासून चालू आहे. इथे जीपीएचा, म्हणजे ४.० पैकी ग्रेडच्या सरासरीचा, हिशोब नीट समजून घेतला पाहिजे कारण मुलं फसतात ती इथेच. समजा एखाद्या मुलीला चार क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी (२.०) मिळाला, तिने कोर्स परत केला आणि ए (४.०) मिळवला, तर तिचं कॉलेज कदाचित जुना सी काढून टाकेल आणि ४.० दाखवेल. कॅस्पा मात्र दोन्ही धरतं, म्हणजे आठ क्रेडिटवर सरासरी ३.०. शिवाय एकूण जीपीए वेगळा, सायन्सचा वेगळा, असे दोन आकडे समोर येतात आणि बहुतेक ठिकाणची किमान रेषा ३.० च्या आसपास असते, प्रत्यक्षात निवडले जाणारे त्याच्या बरेच वर असतात. म्हणून पहिल्या वर्षाला गडबड झाली असेल तर नुसतं रिपीट करत बसण्यापेक्षा वरच्या पातळीचे नवीन सायन्स कोर्स घेऊन तिथे ए मिळवणं जास्त उपयोगी पडतं, चढता आलेख प्रवेश समितीच्या नजरेत भरतो.

कॅस्पावर कामाचे तास वेगवेगळ्या रकान्यांत भरायचे असतात. पेशंटच्या उपचाराची किंवा देखभालीची थेट जबाबदारी असेल तर ते पेशंट केअर, आणि हॉस्पिटलमध्ये असूनही पेशंटशी थेट संबंध नसेल, उदाहरणार्थ रिसेप्शनवर, तर ते हेल्थ केअर. शॅडोइंग, म्हणजे पीएच्या मागे उभं राहून काम बघणं, हे तिसरंच, आणि थोडे का होईना ते तास हवेतच. पेशंट केअरसाठी मुलं साधारणपणे ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचा तातडीच्या उपचारांचा कर्मचारी), मेडिकल असिस्टंट, फ्लेबॉटॉमिस्ट (तपासणीसाठी रक्त काढणारा) किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणजे सीएनए ही कामं धरतात. सीएनएचं ट्रेनिंग केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचं, राज्याप्रमाणे जास्त. सीएनएच्या शिफ्टमध्ये पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलून देणं, बेडपॅन देणं, बीपी-नाडी घेऊन चार्टवर चढवणं हे सगळं येतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीची पाठ लाल झालेली सगळ्यात आधी याच माणसाला दिसते. हे काम कमी दर्जाचं मानणं चूक आहे. स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टर बोलतात ते लिहून घेण्याचं काम काही प्रोग्रॅम पेशंट केअर धरतात, काही अजिबात नाही, याबाबत एकवाक्यता नाही.

तास किती हवेत? कुठे काहीच अट नाही, कुठे ५००, कुठे १०००, कुठे २०००. आठवड्याला ४० तासांनी वर्षभर पूर्णवेळ काम केलं की साधारण २००० होतात, त्यामुळे पदवीनंतर एखादं वर्ष नोकरी करून मग अर्ज करणारे बरेच असतात. प्रत्येक अनुभवाखाली सुपरवायझरचा संपर्क द्यावा लागतो.

लग्न करून किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांमध्ये एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस झालेल्या मंडळींना हा रस्ता बऱ्याचदा सुचवला जातो. पण भारतातल्या डिग्रीवर पीएची लायसन्स परीक्षा, पॅन्स, देता येत नाही, त्यासाठी एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेल्या प्रोग्रॅममधूनच पास व्हावं लागतं. भारतातल्या मार्कशीटचं कोर्सवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि तरीही कित्येक प्रोग्रॅम प्रीरिक्विझिट, म्हणजे अर्जाआधी लागणारे विषय, अमेरिकेतच करायला सांगतात, तेव्हा जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये पुन्हा ॲनाटॉमीला बसावं लागतं. एच-४, म्हणजे तिथे नोकरीवर गेलेल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर कामाची परवानगी नसेल तर पगारी तास जमत नाहीत, आणि काही प्रोग्रॅम सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, म्हणून फी भरण्याआधी हे विचारून घेतलेलं बरं.

भारतातली पद्धत वेगळी. डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनला पहिला कोर्स सुरू झाला असं मानतात. आता बीएस्सी पीएला बारावी सायन्सनंतर थेट प्रवेश मिळतो, आधीच्या तासांची अट सहसा नसते, आणि २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात या व्यवसायाचा समावेश झालेला आहे.