पुण्याला धाडावं का? : ‘होम युनिव्हर्सिटी’ची पार्श्वभूमी

निकाल लागला की कोल्हापुरात एकच विचारणा सुरू होते: पोराला पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात धाडायचं की इथंच शिकू द्यायचं? भवानी मंडपात सुरू झालेलं राजाराम कॉलेज १८८० सालचं, पण पदवीवर नाव परगावच्या विद्यापीठाचं. ते १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आलं तेव्हा बदललं. १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं, आणि पैसे भरायची तयारी असलेल्या घरांना गावातच पर्याय मिळाला. खरा गुंता मात्र त्यानंतरचा.

तो आहे ‘होम युनिव्हर्सिटी’ या शब्दात. अभियांत्रिकीच्या बहुतेक कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी ही वाटणी. कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या शेवटी एच (होम, म्हणजे हद्दीतला), ओ (अदर, म्हणजे बाहेरचा) किंवा एस अक्षर असतं. आपल्या पोराला कुठलं लागू, हे कळेपर्यंत बापाचा चहा गार होतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची मुलं पुण्यात ‘ओ’. म्हणजे तिथल्या नामांकित खासगी कॉलेजात तीसच टक्क्यांत झुंजायचं. एस, म्हणजे राज्यस्तरीय जागा, ही जुन्या सरकारी संस्थांची वाट. तिथं हद्द आड येत नाही, पण गर्दी साऱ्या महाराष्ट्राची.

वाटणीचे समर्थक म्हणतात, स्थानिक मुलांना आधार मिळतो. मिळतो, हे खरंच. पण त्याच आधारानं कोल्हापूरकराची चांगली पर्सेंटाइल पुण्याच्या वेशीवर अडते. वर ही हद्द काही दगडावरची रेघ नाही: सोलापूर २००४ पर्यंत याच विद्यापीठात होतं, वेगळं विद्यापीठ झालं आणि तिथलं पोर इथं ‘बाहेरचं’ ठरलं.

त्याहून मजेशीर पुढचं. दहावी-बारावी दोन्ही राज्यातच झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून पास झाली त्या जागेवरून. घर कुठं आहे, हे कोणी विचारत नाही. अकरावी-बारावीला लातूर गाठणाऱ्या मुलाची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. परत आल्यावर स्वतःच्याच गावातल्या कॉलेजात तो ‘ओ’. उलट पुण्यात बारावी केलेला इचलकरंजीचा पोरगा तिथं ‘एच’. त्यामुळं जाणकार घरांत मोठ्या कॉलेजचा हिशेब आता दहावीच्या सुट्टीतच मांडला जातो, आणि त्यात पहिला खर्च कॉलेजच्या फीचा नसून पुण्यातल्या दोन वर्षांच्या खोलीभाड्याचा असतो.