दोन पियानो, एक गायिका: ‘द फॅब्युलस बेकर बॉईज’ची पार्श्वभूमी

‘द फॅब्युलस बेकर बॉईज’ (१९८९) हा हॉलिवूडचा चित्रपट प्रेमकथा म्हणून ओळखला जातो, पण त्यातलं खरं भांडण धंद्याचं आहे. सिअ‍ॅटलच्या हॉटेल-लाउंजमध्ये जोडीनं पियानो वाजवणारे दोन भाऊ, कमी होत चाललेले कार्यक्रम आणि त्यावर उपाय म्हणून आणलेली गायिका सूझी. थोरला फ्रँक हिशेब सांभाळतो, धाकट्या जॅकला जॅझ वाजवायचा असतो. सूझी आल्यावर पैसा वाढतो आणि भावांमधली जुनी तेढही वर येते.

लेखक स्टीव्ह क्लोव्हस यांचं हे दिग्दर्शनातलं पहिलंच काम. जॅक आणि फ्रँक झालेले जेफ आणि बो ब्रिजेस पडद्याबाहेरही सख्खे भाऊ. सूझी झालेली मिशेल फायफर स्वतः गायली. पियानो मात्र डेव्ह ग्रुसिन (जॅक) आणि जॉन हॅमंड (फ्रँक) यांनी वाजवला. पियानोवर पहुडलेल्या सूझीभोवती फिरणारा कॅमेरा मिखाएल बालहाउस यांचा. ऑस्करची चार नामांकनं मिळाली, पुतळा एकही नाही.

जोडपियानो हा प्रकार अमेरिकेत घरोघरी नेला तो फेरांटे आणि टायशर यांनी. दोघे न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या संगीतविद्यालयाचे विद्यार्थी; १९६० साली त्यांच्या ‘द अपार्टमेंट’ आणि ‘एक्सोडस’ या चित्रपटांच्या धुनांच्या तबकड्या तडाखेबंद खपल्या. बेकर बंधू म्हणजे याच थाटाची हॉटेलातली स्वस्त आवृत्ती.

मांडणी दिसते त्याहून अवघड आहे. दोन ग्रँड पियानोंच्या वळणदार बाजू एकमेकींत बसवतात आणि वादक समोरासमोर येतात. ग्रँडचं झाकण वादकाच्या उजवीकडे उघडतं. त्यामुळे एकाचं झाकण श्रोत्यांकडे उघडलं, की दुसऱ्याचं पाठमोरं होतं; म्हणून दुसऱ्याचं काढूनच ठेवतात. दोन्ही वाद्यं एकाच बैठकीत, एकाच ट्यूनरकडून लावून घ्यावी लागतात. एकाचा मधला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झवर आणि दुसऱ्याचा ४४२ वर राहिला, तर आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होताना, म्हणजे हेलकावताना ऐकू येतो; संथ गाण्यात ते लपत नाही. पुण्यासारख्या हवेत तर पावसाळ्यात तारांखालची लाकडी फळी (ध्वनिफलक) फुगून मधल्या सप्तकांचा सूर चढतो, कोरड्या हिवाळ्यात उतरतो. संध्याकाळपुरता एसी लावून रात्री बंद करणारी हॉटेलं या दुखण्यात भर घालतात.

शिवाय दोन ग्रँड म्हणजे तीन-चार टेबलांची जागा. १९८३ साली मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याची पद्धत) आणि यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर बाजारात आले. मग एक कीबोर्ड, ताल देणारं यंत्र आणि एक माणूस एवढ्यात मॅनेजरचं काम भागू लागलं. चित्रपटात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण फ्रँकची घालमेल याच काळातली आहे.

आपल्याकडे या धंद्याचं मोठं केंद्र मुंबई. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ‘ताज’मध्ये आला. पुढे जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेल्या गोवेकर वादकांनी हे संगीत आपलंसं केलं. पुण्यात अशा संगीताला गिऱ्हाईक असायचं ते हंगामी: पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत, जुलैपासून रेस, कँपातल्या क्लबांमध्ये बॉल. १९४७ नंतर तो वर्ग पांगला आणि १९५० च्या सुमारास मुंबई प्रांतात दारूबंदी आली. दारू विकत नसेल तर हॉटेल बँड कशाला पोसेल? बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांपैकीच, सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते बँडसह पडद्यावरही दिसतात.

दारूचे परवाने सैल होईपर्यंत पुण्याच्या मराठी भागात वेगळीच सवय रुजली होती: तिकीट काढून वाद्यवृंद ऐकायचा. बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) झाल्यावर त्याला हक्काचं ठिकाण मिळालं. तिथे कुणी मध्येच बोललं तर शेजारचा डोळे वटारतो. लाउंजमध्ये उलट, गप्पांच्या वर आवाज गेला तर वादकालाच निरोप येतो, जरा हळू वाजवा. सूझी ज्या गाण्यांना वैतागते, ती याच कारणासाठी निवडलेली असतात: कुणाचा घास अडू नये.